पुरणपोळी की ओबट्टू

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बंगळुरात महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात मी शिळ्या पुरणपोळ्यांचा डबा उघडला आणि शेजारच्या टेबलावरच्या, कर्नाटकातल्याच मंड्या गावच्या सहकाऱ्यानंही नेमका तेव्हाच आपला उघडला. दोन्ही डब्यांत तेच. त्यानं माझ्या डब्यात डोकावून म्हटलं, "अरे वा, तूही ओबट्टू आणलास."

"ही पुरणपोळी आहे," मी म्हटलं.

समोर न्यूझीलंडहून काही महिन्यांसाठी आलेली आमची एक सहकारी बसली होती. आल्या दिवशीच तिनं स्वतःची ओळख "मी किवी" अशी करून दिली होती. तेव्हा मंड्याच्यानं विचारलं होतं, "फळ?" ती म्हणाली, "नाही, पक्षी. ज्याला उडता येत नाही तो." यानं गंभीरपणे विचारलं, "मग इथवर आलीस कशी?" तेव्हापासून आमच्या तिघांचं जमलं.

तिनं आता दोन्ही डबे बघितले आणि विचारलं, "तुम्हा लोकांना काय म्हणतात? आम्ही किवी, तसं."

मंड्याचा म्हणाला, "आम्ही नाचणीचे उकडलेले गोळे, म्हणजे मुद्दे, खातो, तेव्हा आम्ही मुद्दे." माझं मात्र तसं सोपं नव्हतं. मी निपाणीची. पुण्यात शिकायला गेले तर हॉस्टेलवर सगळ्या मला 'कानडी' म्हणायच्या. इथे बंगळुरात मराठी बोलताना ऐकलं की मी 'मुंबईवाली'. मुंबई मी पाहिली ती एका लग्नापुरती, तीही कार्यालयाच्या खिडकीतून. हे सांगितल्यावर किवीबाई इतकी हसली की तिच्या हातातला ओबट्टू, म्हणजे पुरणपोळी, खाली पडला, म्हणजे पडली.

मग ती म्हणाली की त्यांच्याकडे पावलोव्हा नावाचा गोड पदार्थ आहे आणि शेजारचे ऑस्ट्रेलियावाले तो आपलाच म्हणतात. त्यावरून घराघरांत भांडणं होतात. "तुमचं भांडण आपण नीट लावू," तिनं ठरवलं. "शुक्रवारी दोघांनी ताजं आणायचं. डोळे बांधून खायचं. आपलं कुठलं ते ओळखायचं."

माझी पंचाईत झाली. पाडव्याच्या पोळ्या आईनं निपाणीहून बसनं पाठवल्या होत्या. मला स्वतःला पोळी लाटता येते, पण पुरण आत राहत नाही. मी खाली घरमालकीणबाईंकडे गेले. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. इथल्या, बंगळुरातल्या शिवाजीनगराजवळचं त्यांचं घर जुनं, मंडळी त्याहून जुनी. पूर्वज राजांच्या फौजेबरोबर आले ते इथलेच झाले, असं त्या सांगतात. घरात मराठीच, पण त्या मराठीत निम्मी कन्नड.

"अक्का, पुरणपोळी शिकवा. आपली, मराठी."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून अक्कांनी तूरडाळ भिजत घातली.

"चण्याची नाही?"

"थोडी चण्याचीपण घालू. स्वल्प खोबरंपण. होळगी मऊ व्हायला पाहिजे की नाही?"

"अक्का, पुरणपोळी."

"तेच ते," म्हणून त्यांनी केळीच्या पानावर पोळी हातानं थापायला घेतली. लाटणं बाहेर निघालंच नाही. हे पुणं नव्हतं, निपाणी नव्हती आणि मंड्याही नव्हतं. पण वास असा सुटला की मी वाद घालायचं सोडून तुपाची वाटी धरून उभी राहिले.

शुक्रवारी किवीबाईनं आमच्या दोघांच्या डोळ्यांवर ओढण्या बांधल्या आणि घास भरवले. आजूबाजूला गर्दी जमली होती. मंड्याच्यानं पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि छाती फुगवून सांगितलं, "दुसरा. ही माझ्या अम्माचीच. झोपेतही ओळखेन." मीही चाखून बघितलं आणि ठासून म्हटलं, "पहिली माझी. अक्कांच्या तुपाचा वास कळतो ना."

ओढण्या सुटल्या तेव्हा किवीबाई भिंतीला टेकून डोळे पुसत होती. त्यानं अक्कांची पोळी आपली ठरवली होती आणि मी त्याच्या अम्माची.

तो खाली वाकून हळूच म्हणाला, "अम्माला सांगू नकोस." मग त्यानं किवीबाईला विचारलं, "आणि तू? डोळे बांधले तर तुझा पावलोव्हा ओळखशील?"

तिनं मागे वळून पाहिलं. "दोन्ही एकच आहेत. पण मी असं म्हटल्याचं कळलं तर मला विमानतळावरून घरी सोडणार नाहीत."

रविवारी तिला मी अक्कांकडे नेलं. अक्कांनी तिला खाली बसवलं, पुढ्यात वाढलेलं ताट आणि पीठ ठेवलं आणि माझ्यामार्फत चौकशी केली, "तुमच्याकडे सणाला काय करतात?"

"पावलोव्हा."

"पाव? बेकरीतला?"

अंड्याच्या पांढऱ्यात साखर फेटायची, हे मी समजावून सांगितल्यावर अक्कांनी हातातलं पीठ खाली ठेवलं. "डाळ नाहीच?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्या ताटात न विचारता आणखी एक वाढली.

पीठ तिच्या कोपरापर्यंत गेलं होतं, पुरण सगळ्या बाजूंनी बाहेर येत होतं. माझंही तसंच. दारातून शेजारीण डोकावली आणि कन्नडमध्ये विचारलं, ही कोण? अक्का तव्यावरची पोळी उलटत होत्या. "नम्म हुडुगी," त्या वर न बघता म्हणाल्या. म्हणजे आमची पोरगी. आम्हा दोघींपैकी कुणाला म्हणाल्या, ते मी विचारलं नाही. किवीबाईला मी अर्थ सांगितला आणि आम्ही दोघींनी शेजारणीकडे बघून पिठाचे हात जोडले.