पाटसच्या हॉटेलातला वाढपी
रविवारी दुपारी पाटसच्या हॉटेलात तोबा गर्दी होती. अर्धांगवायूनंतर आईला पहिल्यांदाच बाहेर जेवायला आणलं होतं. तिच्या थरथरत्या हातातला रस्सा साडीवर सांडला, शेजारचे वळून बघू लागले आणि कधी एकदा इथून निघतो असं मला झालं.

तेवढ्यात पन्नाशीचा एक वाढपी न सांगताच खोलगट वाडग्यात रश्शात कुस्करलेली भाकरी आणि मोठा चमचा घेऊन आला. मग लोकांकडे पाठ करून तो आईसमोर आडोशासारखा उभा राहिला.

"सावकाश जेवा, मावशी. घाई न्हाई."

मी आभार मानले, तसा तो हळूच म्हणाला, "माझ्या आईचा हात बी असाच कापायचा. लोक बघत्यात म्हणून मी तिला कुठं नेलंच न्हाई."

आईनं अजून थोडा रस्सा मागितला. मी तिला विचारलं, "पुढच्या रविवारी कुठं जायचं?"