पडदा काळा करणारी मीच

आमच्या संगणकाचा पडदा काळा केला तो मी. बियाणं कंपनीनं नाही. हे लेखी देते, कारण त्या सकाळी मी अख्ख्या गल्लीला याच्या बरोबर उलट ओरडून सांगितलं होतं!

संग्रामपूर तालुक्यातलं आमचं गाव. त्या वर्षी बीटी कपाशीचं बोगस बियाणं चाळीस जणांच्या वावरात उगवलंच नाही. त्यात आमचे बाबाही. अकरा वाजता कृषी अधिकारी पंचनाम्याला येणार होते. चाळीस नावांचा, गट नंबरांचा तक्ता छापून त्यांच्या हातात पडला नाही, तर कंपनी बियाणं बदलून देणार नव्हती. (चळवळीची पत्रकं काढायचा दांडगा अनुभव म्हणून काम माझ्याकडे. अनुभव पत्रकांचा, संगणकाचा नव्हे!)

संगणक तरी कसला! डबा जळगाव जामोदच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, चौदा इंची मॉनिटर त्याहूनही म्हातारा. दोघांचं लग्न लावलं रफिकचाचांनी. गावातले टीव्ही-रेडिओ तेच दुरुस्त करत. जाताना बजावून गेले होते, "बेटा, पडद्याची सेटिंग छेडू नको."

नको म्हटलं की माझ्या अंगात मोर्चा संचारतो! तक्ता पडद्यावर अर्धाच दिसत होता. चाळीस शेतकरी मधोमध कापले जातात म्हणजे काय? मी सेटिंग उघडली आणि रिझोल्यूशनची खूण थेट उजव्या टोकाला नेली. टक्! पडदा काळा. त्यावर तिरप्या रेघा धावायला लागल्या. सापडेल ते बटण मी दाबलं. काही तर दोनदा.

"कट आहे हा! कंपनीचा!"

"काय झालं वं?" आई चुलीपासून धावली.

"तक्ता उडवला त्यांनी!"

बाबांनी रेघा निरखल्या. "कट-बिट काही नाही. अँटिना हालला." आणि शिडी लावून टिनाच्या छपरावर चढलेसुद्धा.

संगणकाला अँटिना नसतो, हे मला ठाऊक होतं. शप्पथ! पण साडेदहा वाजून गेले होते.

"आलं काय?" वरून बाबा.

"आलं काय वं?" दारातून आई.

"अजून जरासा डावीकडे!" हे कोण? मीच!!

अँटिना शेजारच्या गोदाकाकूंशी सामाईक. त्या लाटण्यासकट हजर. "माह्या टीव्हीवर मुंग्या काऊन आल्या वं?"

"काकू, कंपनीनं..."

"कंपनी टिनावर चढली काय? मले तं तुहे बाबा दिसून राह्यले!"

शेवटी आईच रफिकचाचांना घेऊन आली. त्यांनी संगणक बंद करून सेफ मोडमध्ये चालू केला. पडद्यावर पावशेर-पावशेराची अक्षरं उगवली. आमच्या कपाशीपेक्षा बरी! सेटिंग परत जुनी करत ते म्हणाले, "पडदा बुढा झाला, बेटा. एवढं वजन त्याले झेपत नाही. पण मशीन पूछते, ही सेटिंग ठेवू काय? पंधरा सेकंद जवाब नाही भेटला, तं स्वतःच मागं येते. तू काय केलं?"

काळ्या पडद्याआडून तो बिचारा विचारत होता, आणि मी बटणं बडवून 'हो' म्हटलं होतं.

"फक्त चूप बसाचं होतं," चाचा म्हणाले.

छापलेले कागद गरमच घेऊन आम्ही वावरात पळालो. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. "वाचतो. दोन मिनिटं कोणी बोलू नका."

मी तोंड उघडलं. बाबांनी ते हातानं मिटलं.

पंचनामा झाला, बियाणंही बदलून मिळालं. आमच्या चळवळीचा तो पहिला विजय. त्यात माझा वाटा दोन मिनिटांच्या मौनाचा. आणि तेही बाबांच्या हातचं!