फुकटचा कोडेक

सिटी सेंटरमधल्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. शिकवणीचे व्हिडिओ फोनवर नीट चालतात का, ते तपासायचं. फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

व्हिडिओ लहान करून पाठवायचा आणि फोनवर पुन्हा उलगडायचा, या पद्धतीला कोडेक म्हणतात. आमचा जुना कोडेक पेटंटचा. त्याचे हक्क इतक्या जणांकडे, की उद्या कोण पैसे मागायला येईल या धास्तीत कंपनीचे मालक, आमचे सर, असायचे. म्हणून सगळे व्हिडिओ नव्या, विनामूल्य कोडेकमध्ये नेले. ऑफिसातल्या फोनवर चित्र सुरेख दिसलं. जुन्या कोडेकमधल्या प्रती सोमवारी पुसायच्या होत्या.

रविवारी बिर्ला नगरला मामाकडे गेले. मामेबहीण बारावीला आहे, आमच्याच ॲपवर फिजिक्स शिकते. तिनं फोन स्टीलच्या पालथ्या ताटावर ठेवला होता.

"हे काय?"

"ताई, गरम होतो ना बहुत. आणि बघ, व्हिडिओतले सर बोलून पुढे गेले, हात अजून फळ्यावरच अटकलाय. तुमच्या ऑफिसने क्या कर दिया?"

फोन ऑफिसचाच होता. दिवाळीत जुने फोन आम्हांला वाटले, तेव्हा मीच तो तिला दिला होता. तपासायला उरले फक्त नवे, आणि नवा कोडेक उलगडणारी चिप त्यांच्यातच असते. ती नसली की फोन तापतो, अडखळतो.

तिचा फोन एका दिवसासाठी मागून आणला. सोमवारी मीटिंगमध्ये म्हटलं, "सर, जुन्या फोनसाठी जुन्या प्रतीही ठेवूया."

"मॅडम पहिल्यांदा बोलल्या, तेही दुप्पट साठवणीच्या खर्चाचंच!" सर म्हणाले. सगळे हसले. माझे कान तापले. मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. "माझ्या बहिणीचा आहे."

सरांनी अडखळणारा धडा बराच वेळ पाहिला.

"परीक्षेपर्यंत ठेवू. पुढे नाही. कुणी नोटीस धाडली तर कंपनीच बंद होईल. मग तुमची बहीण कशावर शिकेल?"

फुकटच्या कोडेकवरही कुणी हक्क सांगतंय, असं मी वाचलं होतं. ते बोलले नाही.

संध्याकाळी फोन परत दिला. "परीक्षेपर्यंत चालेल."

"और उसके बाद? पुढच्या साली हाच फोन माझ्या धाकट्या बहिणीला मिळणार आहे."

जुन्या प्रतीवर धडा सुरळीत चालू झाला. तिनं वही ओढली. धाकटी शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.