परिच्छेद सात

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या रघुवीर पोतनीस वकिलांना कोणी नुसतं म्हटलं, "आज काय उकडतंय हो," तरी ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "आधार काय?" आधाराशिवाय त्यांना घामसुद्धा येत नसावा. कॉलनीच्या मीटिंगमध्ये भटक्या कुत्र्यांचा विषय निघो की पार्किंगचा, पोतनीस उभे राहत. आधी एक कलम सांगत, मग त्याचं उपकलम, मग त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा. तोवर कुत्री ज्याच्या त्याच्या गाडीखाली जाऊन झोपलेली असत आणि माणसंही त्याच वाटेवर असत.

त्यांची धाकटी बहीण इंदुमती हे सगळं फ्रॉक घालत होती तेव्हापासून बघत आली होती. पूर्वज होळकरांच्या खजिन्यावर कारकून. खजिना गेला, संस्थान गेलं, ऐट तेवढी वारशाने दादाकडे आली. आंब्याची मोठी फोड कोणाची यावर भांडण झालं की दादा सांगायचा, "मागच्या उन्हाळ्यात आजोबांनी याचा निर्णय दिलाय." तो निर्णय दर वेळी दादाच्या बाजूचा असायचा, आणि आजोबांना जाऊन विचारायची टाप कोणाची नव्हती. इंदुमतीला पुढे वाटायचं, याची वकिली खरी त्या आंब्यापासूनच सुरू झाली.

कोर्टात पोतनीसांचं नाव होतं ते त्यांच्या कागदांच्या जाडीमुळे. दुसरे वकील चार पानांत आटोपतात तिथे यांचा लेखी युक्तिवाद दोन्ही हातांनी उचलावा लागे. त्यात निवाड्यांची अशी खोगीरभरती की मूळ भांडण कोणाचं आणि कशाचं, हे शोधायला वेगळा माणूस लावावा. इंदूरच्या कोर्टात अशा निवाड्यांना न्यायदृष्टांत म्हणतात. पोतनीस तो शब्द असा उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, आता आरती होणार.

या सगळ्या देवांमध्ये कुलदैवत एकच होतं. फार वर्षांपूर्वी, नवी नवी वकिली असताना, पोतनीस एका घरमालकाकडून हायकोर्टात उभे राहिले होते आणि तो निवाडा कायद्याच्या छापील अंकात आला होता. त्यात त्यांचं नाव होतं. त्या निवाड्यातलं परिच्छेद सातचं पान त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं. घरमालकाला जागेची गरज आहे की नाही हे घरमालकानेच ठरवावं, गरज कोणाची आणि कशासाठी हे दाव्यात लिहीत बसायचं कारण नाही, असं त्या परिच्छेदात होतं. पान तिथेच संपत होतं. ते पान पोतनीसांनी भाड्याच्या दाव्यांत लावलंच, शिवाय वाटणीच्या, धनादेशाच्या आणि एकदा तर घटस्फोटाच्या दाव्यातही लावलं. ती केस स्वतः हरले होते, याची कोणी आठवण करून दिलीच तर ते म्हणत, "केस हरलो, मुद्दा जिंकलो."

आणि गंमत अशी की ते पान चालायचं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांनी तो परिच्छेद आपापल्या कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवला होता. एका वकिलाचा दुसऱ्याने उचलला, दुसऱ्याचा तिसऱ्याने. गतानुगतिको लोकः, दुसरं काय! एकदा भाडेकरूच्या वकिलानेही तोच परिच्छेद घरमालकाविरुद्ध लावला होता. मूळ निवाडा उघडून बघायचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

इंदुमतीच्या यजमानांचं, कै. टोकेकरांचं, सियागंजात, म्हणजे इंदूरच्या घाऊक किराणा बाजारात, एक दुकान होतं. ते वर्षानुवर्षं सुतळी-दोरखंडाच्या एका व्यापाऱ्याकडे भाड्याने होतं. ते आता हवं होतं मुलीला, अबोलीला. अबोली खाद्यपदार्थांचं शास्त्र शिकली होती, पुण्याची बरी नोकरी सोडून परत आली होती आणि तिला मेतकूट, भाजणी आणि इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात ते जीरावन करून सियागंजातून विकायचं होतं. दुकान मिळालं नाही तर पुण्याची कंपनी पुन्हा घ्यायला तयार होती. तसं झालं असतं तर इंदुमतीच्या घरात रात्री दोन ताटं वाढायचं कारण उरलं नसतं. ती हे कोणाजवळ बोलत नसे. पण सियागंजातलं दुकान म्हणजे तिच्यासाठी चार भिंती आणि शटर नव्हतं, लेक जवळ राहण्याची तेवढी एकच सोय होती.

कायदा तिच्या बाजूचा होता. घरमालकाला खरी गरज असेल आणि शहरात दुसरी योग्य जागा नसेल, तर भाडेकरूला जागा सोडावी लागते. एका कलमाचं काम. पण घरचा वकील असताना बाहेर जायचं कसं? लोक काय म्हणतील ते म्हणतील, दादा काय म्हणेल याची भीती जास्त.

दावा तयार झाला तेव्हा अबोलीने तो मांडीवर घेऊन सगळा चाळला.

"मामा, यात माझं नाव तर कुठेच नाही आहे!"

"नाव कशाला पाहिजे?" पोतनीस हसले. "परिच्छेद सात आहे ना. कोणाला, कशाला, काही सांगायची जरूरतच नाही. हायकोर्टाने म्हटलंय."

"दादा, पण दुकान तर तिच्याचसाठी मागून राहिलो ना आपण?" इंदुमती म्हणाली. "दोन ओळी टाक ना. खाली-पिली इतके कागद, आणि पोरीची एक ओळ नाही?"

"इंदू, तू टेन्शन नको घेऊ. स्वयंपाकात मी बोलतो का?"

तो बोलायचा. आमटीत गूळ किती याचेही त्याच्याकडे दाखले होते. पण इंदुमती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचा तिला पुढे फार राग आला.

व्यापाऱ्याचे वकील मनीष दुबे म्हणून होते, चाळिशीचे, बारीक आवाजाचे. त्यांनी अर्ज दिला की हा दावा मुळातच फेटाळून टाका, कारण दुकान कोणाला आणि कशासाठी हवंय हेच यात लिहिलेलं नाही. त्या अर्जाच्या सुनावणीच्या दिवशी इंदुमती आणि अबोली कोर्टात मागच्या बाकावर बसल्या होत्या. पोतनीस उठले, कोटाची बाही सारखी केली आणि लॅमिनेट केलेलं पान जज मॅडमपुढे असं ठेवलं जसा विहिणीपुढे चांदीचा वाडगा ठेवतात.

दुबे उठले. "मॅडम, मैं भी इसी न्यायदृष्टांत पर निर्भर हूँ. बस, पोतनीसजी के पास एक पन्ना है, मेरे पास पूरा है."

मॅडमनी पूर्ण निवाडा घेतला आणि वाचायला लागल्या. त्यांनी खरंच वाचलं. पोतनीसांच्या उभ्या कारकिर्दीत असा प्रसंग आला नव्हता.

आता, निवाडा लिहिण्याची एक रीत असते. आधी एका वकिलाने काय म्हटलं ते लिहितात, मग दुसऱ्याने काय म्हटलं ते, आणि मग कोर्ट स्वतःचं मत सांगतं. परिच्छेद सातची सुरुवात होती, 'घरमालकाचे विद्वान वकील श्री. पोतनीस यांचे म्हणणे असे की'. दाव्यात उतरवताना पोतनीस एवढे शब्द गाळत आणि त्या जागी तीन टिंबं देत. परिच्छेद आठ पुढच्या पानावर होता. त्याचं पहिलं वाक्य असं: 'हे म्हणणे आम्हाला मान्य नाही.' गरज कोणाची आणि कशासाठी हे दाव्यात स्पष्ट लिहिलंच पाहिजे, असं कोर्टाने पुढे ठणकावलं होतं.

मॅडमनी मान वर केली. "पोतनीसजी, ये न्यायालय कह रहा है, या आप?"

पोतनीसांनी पान उचललं, उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"मॅडम, आज तक किसी ने आपत्ति नहीं ली," ते म्हणाले.

मग जे हसू फुटलं ते थेट दारातल्या पट्टेवाल्यापर्यंत गेलं. हसणाऱ्यांतल्या निम्म्या वकिलांनी तोच परिच्छेद आपापल्या दाव्यांत लावला होता, पण दुसऱ्याचं हसं होत असताना आपलं कोण आठवतं! इंदुमतीला हसू आलं नाही. माझ्या पोरीचं दुकान या माणसाने स्वतःच्याच हरलेल्या भाषणावर टांगलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. तिला भर कोर्टात त्याच्या हातातलं ते पान हिसकावून घ्यावंसं वाटलं.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी दावा फेटाळला नाही, दुरुस्तीची संधी दिली. "एक पन्ना. दुकान किसे चाहिए और किसलिए. न्यायदृष्टांत एक भी नहीं."

दुपारी पोतनीस बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसले. लिहिलं, 'सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी'. इंदुमतीने ते खोडलं. त्यांनी लिहिलं, 'हे सर्वमान्य तत्त्व आहे की'. तिने तेही खोडलं. मग पोतनीस बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसले. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांची वाक्यं गोळा केली, त्याला स्वतःचं एक वाक्य सापडेना.

शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "इंदू, अबोली नेमकं करते काय?"

इंदुमतीचा तोल गेला. "दादा, तू तिचा मामा आहेस! तुझ्या डायबिटीजसाठी ती ज्वारीची भाजणी करते, ती तू रोज सकाळी खातोस. हे तुला माहीत नाही? परिच्छेद सात पाठ आहे, आणि पोरगी पाठ नाही?"

अबोली येऊन समोर बसली आणि सांगत गेली. काय शिकली, नोकरी का सोडली, चक्की कोणती घ्यायची, जिरं, धणे, आमचूर सगळा माल सियागंजातच कसा मिळतो, आणि आईला एकटं ठेवायचं नाही. पोतनीस लिहीत गेले. पान भरलं. वाचून झाल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "खाली एखादा छोटासा निवाडा..." बहिणीने नुसतं बघितलं, तेव्हा त्यांनी पेन खिशाला लावलं.

पुढे साक्षी झाल्या, अबोलीची उलटतपासणी झाली. दुबे वकिलांनी तिला मेतकुटात काय काय घालतात हेसुद्धा विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. निकाल इंदुमतीच्या बाजूने लागला. ती दुरुस्ती आणि मुलीची साक्ष, एवढ्यावर गरज सिद्ध झाली, असं मॅडमनी लिहिलं.

दुकानाच्या उद्घाटनाला पोतनीस नवा कोट घालून आले. काखेत लाल कागदात गुंडाळलेली फ्रेम होती. भेट म्हणून त्यांनी निकालाचं शेवटचं पान मढवून आणलं होतं. काचेआड जाड सोनेरी कागदाची चौकट होती आणि चौकटीत एवढंच दिसत होतं: 'वादीचे विद्वान वकील श्री. पोतनीस यांनी अनेक न्यायदृष्टांत सादर केले'.

"गल्ल्याच्या वर लाव," ते म्हणाले. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. आता मी हाच दाखला देऊन राहिलोय सगळीकडे." मग ते बाहेर पोह्यांच्या पातेल्याकडे गेले. तिथे अबोलीचं जीरावन दोनदा घालून घेताना, मसाल्यातल्या भेसळीवर काय काय निवाडे आहेत ते बाजूच्या हार्डवेअरवाल्याला सांगायला लागले.

अबोलीने फ्रेम उजेडात धरली. सोनेरी कागदाखाली काय दडलंय ते तिला माहीत होतं. इंदुमतीने तो निकाल इतक्या वेळा मोठ्याने वाचला होता की दोघींनाही तो तोंडपाठ झाला होता: 'परंतु त्यांचा या दाव्याशी काहीही संबंध नाही.'

"आई, मागचे खिळे काढते. ही पट्टी सरकवली तर पूर्ण ओळ दिसेल. मामाला पण दिसू दे ना एकदा."

इंदुमतीने तिच्या हातातून फ्रेम घेतली, पदराने काच पुसली आणि गल्ल्याच्या वरच्या खिळ्याला तशीच अडकवली.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याला पुढचं वाचायची सवय नाही."