दांड्यावरचं कुंकू

आम्ही तोफा बनवत नाही, हे मला दरवेळी लोकांना समजावून सांगावं लागतं. तोफ दुसरीकडून येते. आम्ही ती लष्कराच्या हलक्या गाडीवर बसवतो. ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच पडतो. चार बोल्ट आवळले की झालं, त्यात एवढं काय, असं त्याच्या मनात येतं आणि काही महाभाग ते बोलूनही दाखवतात. अशांना मी आता उत्तर देत नाही. चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

नाशिकला अंबडच्या कारखान्यांच्या गर्दीत आमची शेड आहे. वर्षानुवर्षं मी तिथे एकच काम करतोय. तोफ उडाली की मागे जो दणका बसतो, तो हलक्या गाडीला सोसत नाही. तसाच बसू दिला तर गाडी उताणी पडेल. म्हणून तोफेची नळी सरकत्या बैठकीवर ठेवतात. गोळा सुटला की नळी मागे येते, तेलाच्या सिलिंडरमध्ये तिचा जोर जिरतो आणि तेच तेल तिला परत जागेवर ढकलतं. त्या सिलिंडरमध्ये आत-बाहेर करणारा एक लोखंडी दांडा असतो, आरशासारखा घासलेला. त्याच्याभोवती रबराचं कडं, त्याला आम्ही सील म्हणतो. तेल अडवून धरायचं काम त्या कड्याचं. एवढ्या अवजड कारभाराचा जीव त्या बोटभर जाडीच्या रबरात असतो.

हे काम मी का धरलं, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे. माझा मोठा भाऊ तोफखान्यात होता. सरहद्दीवरच्या डोंगरात तो गेला, तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वहिनी विशीच्या आतली. तिरंग्यातली पेटी चांदवडला आमच्या घरी आली, अख्खं गाव लोटलं, भाषणं झाली. त्याने तोफ सोडली नाही, असं सगळे म्हणत होते. सगळे निघून गेल्यावर माझ्या आईने स्वयंपाकघरात एकच वाक्य म्हटलं, "हिचा पायगुण." मोठ्याने नाही. पण वहिनी तिथेच चुलीपाशी होती.

आईने ते पुन्हा कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. पुन्हा म्हणायची गरजच उरली नव्हती. वहिनी माहेरी गेली नाही, दुसरं लग्न केलं नाही. शेतात राबली, कांदा पिकवला, आईचं दुखणंखुपणं शेवटपर्यंत काढलं. फक्त कुणाच्या बारशाला, डोहाळजेवणाला, गाडीच्या पूजेला ती पुढे यायची नाही. मागे भांडी घासत बसायची. कुणी बोलावलंच तर म्हणायची, "माझं राहू द्या." मला त्या तीन शब्दांचा फार राग यायचा.

मागच्या वर्षी आमच्या दोन गाड्या एकदम तयार झाल्या. एक दसऱ्यानंतर चाचणीला रेंजवर, म्हणजे लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानावर, जायची होती, दुसरी तिच्या मागोमाग. आमच्याकडे खंडेनवमीला कुठलंही यंत्र चालत नाही. आदल्या दिवशी सगळं पुसून लख्ख करायचं, नवमीला लेथपासून स्क्रू ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. पूजेला दरवर्षी कुणा कामगाराच्या घरचं जोडपं बसतं. त्या वर्षी मी ठरवलं, पूजा वहिनी करेल. मी कुणाला विचारलं नाही, सांगितलं.

ती आली. कांद्याचं रोप टाकायचं सोडून एसटीने आली, इस्त्रीचं लुगडं नेसून. मला वाटतं, नुसतं बघायला बोलावलंय असं तिला वाटलं होतं. मी ताट पुढे केलं तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली.

"माझं राहू द्या भाऊजी. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"दुसऱ्या कुणाचा नवरा तोफेवर नव्हता," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच माझा. आमचे मिस्त्री, माझ्याहून वयाने मोठे, जोडणीचं सगळं काम त्यांच्या हाताखाली चालतं, ते पुढे झाले आणि म्हणाले, "लावा वहिनी. गाडी तुमचीच हाय."

तिने ताट घेतलं. आधी बॉनेटवर, मग चाकाला, मग नळीला. कुंकू तिने ओलं कालवलं होतं. शेवटी दोन्ही गाड्यांच्या दांड्यांवर तिने टिळा लावला आणि वर अक्षता चिकटवल्या. का, तर तो भाग सगळ्यात स्वच्छ आणि चकचकीत दिसत होता. देवाला लावतात तसं तिने तिथे लावलं. मी तेव्हा दांड्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होतो. इतक्या वर्षांत तिने कुंकवाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि मी नारळ फोडायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

त्याच वेळी माझ्या मनात भीतीही शिरली होती, ती इथे सांगून टाकतो. गाडी नीट चालली तर वहिनीच्या डोक्यावरचं ते ओझं कदाचित थोडं उतरेल. आणि नाही चालली तर ते तिच्या डोक्यावर कायमचं बसेल, आणि तिथे ते मीच नेऊन ठेवलेलं असेल.

नाही चालली.

रेंजवर सुरुवातीचे गोळे झकास गेले. नळी मागे यायची, परत जागेवर जायची, गाडी मागचे लोखंडी पाय जमिनीत रोवून उभी राहायची. बघायला आलेले अधिकारी खूश दिसत होते. मग एका गोळ्यानंतर नळी मागे आली, परत निघाली आणि अर्ध्यावर थांबली. खाली तेलाची धार लागली. सगळ्यांना मागे हटवलं. अधिकारी एवढंच म्हणाले, खोलून बघा, दुरुस्त करा, परत या. बोलणं साधं होतं. पण खऱ्या लढाईत नळी अर्ध्यावर अडकली असती तर आतल्या पोरांचं काय झालं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेडमध्ये आणून सिलिंडर उघडला. सील एका बाजूने चिरलं होतं. चिरेत लाल लगदा बसला होता आणि त्यात तांदळाचा चुरा. बाजारचं कुंकू म्हणजे रंगवलेली दगडाची पूडच असते. वाळून ती दांड्यावर घट्ट बसली आणि गोळा सुटला तसा दांडा ती घेऊन आत गेला. प्रत्येक गोळ्याला ती रबर थोडं थोडं कापत राहिली.

मी मिस्त्रींना विचारलं, रेंजवर जाण्याआधी दांडा पुसला नव्हता का? ते म्हणाले, "पुसला की साहेब. सगळा पुसला. तेवढं कुंकू सोडून पुसला."

"का?"

"वहिनींनी लावल्यालं कुंकू मी कसं पुसू?"

मला चिडता आलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर फडकं हातात घेऊन मीही त्या टिळ्याला वळसाच घातला असता. पण मागे आमचा वेल्डर कुणाला तरी हळूच म्हणाला, "तरी मी म्हणलं व्हतं, सवाशिणीला बसवा." तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. सवाष्णीच्या कुंकवात दगडाची पूड नसते का, असं विचारलं. त्याला ते पटलेलं नव्हतं. तो आमच्याच भागातला, चांदवडच्या पुढचा. बाजाराच्या दिवशी ही गोष्ट वहिनीच्या कानावर जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

लपवायचं असतं तर लपवायला वेळही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी काढून चांदवडला गेलो. वहिनी रोपाला पाणी देत होती. मी म्हणालो, शेडवर चला, तुम्हाला एक दाखवायचंय. तिने हातपाय धुतले, दार ओढून घेतलं आणि काही न विचारता गाडीत बसली. पिंपळगावचा टोलनाका मागे पडला तेव्हा ती म्हणाली, "बिघडली ना?"

"हो."

"कुणाला लागलं?"

"नाही. कुणालाही नाही."

पुढे नाशिक येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. हात मांडीवर घट्ट धरले होते. रेडिओ लावायची माझी हिंमत होईना.

शेडमध्ये मी तिला सरळ टेबलाशी नेलं. चिरलेलं सील तिच्या हातात दिलं, भिंग दिलं. दांडा हाताने ढकलून आत-बाहेर कसा होतो ते दाखवलं. कुंकू कुठून आत गेलं, तांदूळ कुठे अडकला, तेल कुठून सुटलं, काहीही गाळलं नाही. मिस्त्री, वेल्डर, बाकीचे सगळे हातातलं काम थांबवून उभे होते. ती मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. भिंगातून त्या चिरेकडे बघत होती, खूप वेळ.

"म्हणजे दुसऱ्या कुणी लावलं असतं तरी असंच झालं असतं?"

"कुणीही. मी लावलं असतं तरी."

तिने सील टेबलावर ठेवलं. मग मान वर करून विचारलं, "आन् ह्यांचं काय झालं व्हतं?"

मला आधी कळलंच नाही. ती माझ्या भावाबद्दल विचारत होती.

"तोफ सोडली नाय म्हणून गेले, एवढंच समदे म्हणले. पण सोडायची वेळ का आली? निघून का नाय गेले? हे असं उघडून मला कुणी दाखवलं नाय."

इतक्या वर्षांत तिला ते कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. मीही नाही, कारण तिने विचारलं नव्हतं आणि आमच्या घरात न विचारलेलं सांगायची रीत नव्हती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. त्याची तोफ गाडीवर नव्हती, ओढून न्यायची होती. अशा तोफेला मागे दोन लांब लोखंडी पाय असतात, त्यांच्या टोकाला फावडी. गोळा सुटला की दणक्याने ती फावडी जमिनीत खोल रुततात, तोफ जागची हलू नये म्हणून. गोळे कुठून येतायत हे शत्रूला थोड्याच वेळात कळतं आणि तो त्या जागेवर उलट मारा करतो. त्याच्या आत तिथून निघायचं असतं. निघायचं म्हणजे फावडी पहारीने उकरून काढायची, पाय मिटायचे, तोफ ट्रकला जोडायची. ते उकरत होते. तेवढ्यात वरून आलं.

"नांगराचा फाळ अडकतो तसं?"

"तसंच."

"आन् ही गाडी?"

"हिचे पाय बटणावर उचलतात. गोळे टाकायचे आणि निघायचं. म्हणून तर बनवतोय."

तिने पदराने तोंड पुसलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता.

"जमीन घट्ट व्हती," ती म्हणाली. "माझा पाय नव्हता."

माझ्याने तिच्याकडे बघवेना. मी नुसती मान हलवली. वेल्डर मागून कधी बाहेर गेला ते मला कळलं नाही.

जरा वेळाने ती उठली. दुसरी गाडी पलीकडे तशीच उभी होती. बॉनेटवर, चाकांवर तिचं कुंकू वाळून पडलं होतं आणि दांड्यावरही होतं. एवढं सगळं होऊनही तिथे फडकं लावायला कुणी धजावलं नव्हतं. वहिनी त्या गाडीपाशी गेली. मिस्त्रींच्या खांद्यावरचं फडकं मागून घेतलं आणि म्हणाली, "रॉकेल हाय का?"

"वहिनी, राहू द्या, मी बघतो," मिस्त्री म्हणाले.

"तुमच्यानं व्हनार नाय," ती म्हणाली. त्यांनी डबा आणून दिला.

तिने फडकं भिजवलं आणि दांड्यावरचा टिळा स्वतः पुसला. घाई केली नाही. एकेक तांदूळ नखाने सोडवला, पुन्हा फडकं फिरवलं, वाकून उजेडात बघितलं, डाग राहिला होता तो परत घासला. मग तिने बॉनेटवरच्या टिळ्याकडे बोट केलं.

"हितं आत जाणारं काय नाय ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ते राहू दे." फडकं मिस्त्रींच्या हातात देऊन ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, दर साली पूजेला मीच येणार. फक्त कुठं लावायचं ते आधी सांगत जा."