बैलापुरतं कानडी

१९४३ साली मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि त्या उन्हाळ्यात जतच्या मुलखातनं आमच्या घरी दोन जीव आले. एक वहिनी, दुसरा खिलार बैल. दोघांनाही मराठी येत नव्हतं. गेल्या महिन्यात वहिनी गेली. पुतण्यानं पेपरात बातमी दिली आणि फोटोखाली छापून आणलं, 'अत्यंत मितभाषी व सोशिक स्वभावाच्या होत्या.' मितभाषी! माझी शाळा तिसरीत संपली, म्हणून या शब्दाचा अर्थ शेजाऱ्याला विचारावा लागला. तो म्हणाला, "कमी बोलणारी, आबा." ऐकलं आणि अंगाचा तिळपापड झाला. म्हणून हे लिहितोय, माझ्या हातानं. ऱ्हस्वदीर्घ पेपरच्या पुरवणीवाल्यांनी खुशाल सुधारावेत, मजकुराला हात लावू नये.

आमचं गाव आष्ट्याजवळ. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, सगळा साताराच. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पलटणीत होता. लढाई चालू होती. रजेवर आला, लग्न केलं आणि हळद उतरायच्या आत परत गेला. आमच्या आज्यापासून सोयरीक तिकडची, त्यामुळं पोरगी कानडी आहे याचं लग्नात कुणाला काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते ती घरात आल्यावर. आधी तिचं नाव बदललं. माहेरची नीलव्वा, ती आमच्याकडं सुशीला झाली. बैलाचं नाव बसप्पा. तेही बदलायचं होतं. आई चार दिवस त्याला 'राजा, राजा' म्हणून हाका मारून दमली, पण त्यानं कान हलवला नाही. शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मुडद्याचं बसप्पाच." बैलाचं राहिलं. सुनेचं बदललं, कारण सून हाक मारली की वळून बघायची.

आता ती कमी बोलणारी होती का, ते सांगतो. पहिल्या आठवड्यात ती चुलीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, भाकरी फुगली की भाकरीला शाबासकी द्यायची. सोळा वर्षांची पोर. एकटीच बोलायची आणि एकटीच हसायची. आईला ते खपेना. आई वाईट नव्हती, पण घरात आपल्याला कळत नाही असं काही चाललंय, हे तिला सहन होत नव्हतं. एक दिवस परात खाली आदळून म्हणाली, "मला कळंना आसं या उंबऱ्याच्या आत काय बी बोलायचं न्हाई. बोलायचं तर आमच्यावानी, न्हाईतर गप." वहिनीला शब्द कळले नाहीत, परात कळली. त्या दिवसापासनं ती गप झाली. तिला गप केलं, आणि साठ वर्षांनी तोच तिचा स्वभाव म्हणून छापलं.

पण देव कुठंतरी हिशेब ठेवतो म्हणतात. नांगरट सुरू झाली. जोडीत एक आमचा जुना सोन्या, आणि दुसरा बसप्पा. मी ओरडलो की सोन्या चालायचा, बसप्पा उभा. मी थांबवलं की सोन्या थांबायचा आणि बसप्पाला तेवढ्यात चालायची हुक्की यायची. शेजारच्या बांधावरनं तुकाराम ओरडायचा, "गड्या, नांगरतुयास का रांगोळी काढतुयास रं?" चाबूक मोडला, माझा आवाज बसला. तिसऱ्या दिवशी वहिनी भाकरी घेऊन आली. पाटी बांधावर ठेवली, बसप्पाजवळ गेली आणि हळूच काहीतरी म्हणाली. बैल असा सरळ चालायला लागला की नांगराच्या तासावर दोरी धरून बघावी. तुकाराम पोट धरून हसला. "आरं, बैल भावजयीचं ऐकतुया, आन तू हितं घसा फोडतुयास!"

घरी आईला सांगावंच लागलं. ती म्हणाली, "बरं. बैलापुरतं बोल म्हणावं. त्याच्या फुडं एक शबूद न्हाई."

बैलापुरतं... म्हणजे जनावराला भाषेची परवानगी मिळाली आणि माणसाला ती त्याच्यामुळं मिळाली. मग वहिनीनं मला शिकवलं. गोठ्यात ती घमेलं भरायची, मी वैरण टाकायचो, आणि ती एकेक शब्द सांगायची. नडी म्हणजे चाल, निंद्र म्हणजे थांब, होगु म्हणजे जा. माझ्या तोंडातनं 'निंद्र' असं काही निघायचं की ती पदर तोंडात कोंबून हसायची. वैरण टाकताना ती बसप्पाला रोज विचारायची, "ऊटा आतेनु?" मी एकदा विचारलं, हे काय? मोडक्या मराठीत म्हणाली, "जेवला का, इचारत्ये." आमच्या घरात कुणी तिला असं विचारलेलं मला आठवत नाही. आणि मी काय केलं? बाहेर जाऊन छाती फुगवून सांगितलं, बैल मी वठणीवर आणला. कानडी शिकलो हे कुणाला कळू दिलं नाही. पोरं 'कानडाप्पा' म्हणून चिडवतील, एवढ्यासाठी. तिनं माझं बिंग कधी फोडलं नाही.

एका वर्षात ती मराठी बोलायला लागली. कुणी शिकवलं नाही, शिव्या ऐकून आणि कामं ऐकून शिकली. त्याचं कुणाला कौतुक? पुढं लढाई संपून दादा परत आला, तो हिंदुस्थानी बोलायचा आणि इटलीतले चार शब्द फेकायचा. चावडीवर माणसं गोळा व्हायची. "मर्द गडी, चार भाषा शिकून आला!" आणि ही बाई, जिनं एक भाषा गिळून दुसरी पोटात घातली, ती मागं चुलीपुढं चहा गाळत होती.

पण मला सांगायचं आहे ते दादा परत यायच्या आधीचं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बैलांच्या सणाचा, बेंदराचा आदला दिवस होता. त्या दिवशी बैलाची खांदमळणी करतात. कोमट पाणी, हळद, लोणी घेऊन वर्षभर जुवाखाली राबलेले खांदे चोळायचे. दुपारी वहिनीचा बाप अचानक दारात उभा. घोंगडं खांद्यावर, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. आईनं पाट दिला, गूळपाणी दिलं. वहिनी दाराआडनं आली, पाया पडली. आई तिथंच बसलेली. म्हणाली, "बोल की गं बापाशी. आमच्यावानी बोल, आमाला बी कळू दे." बापाला मराठी येत नव्हतं. "कसं हाय?" वहिनीनं विचारलं. बापानं नुसती मान हलवली. बाप-लेक समोरासमोर बसले आणि त्यांना बोलायला जागा नव्हती. थोड्या वेळानं म्हातारा उठला, गोठ्याकडं बोट केलं. आई हसली. "जा, जा. तुमच्या गावचाच बैल हाय, तुमीच मळा त्याचं खांदं."

मी गोठ्यात कासरा धरून उभा होतो. म्हाताऱ्यानं हळद-लोणी घेतलं आणि बसप्पाचा खांदा चोळायला लागला, आणि चोळता चोळता बैलाशी बोलायला लागला. मोठ्यानं, न थांबता. वहिनी शेणाची पाटी घेऊन आली आणि दुसऱ्या बाजूला उभी राहिली. तीही बैलाशी बोलली. बैलाकडंच बघत. म्हातारा बैलाला सांगत होता, ती बैलाला विचारत होती. ओसरीवरनं आई म्हणाली, "बघा तरी, जनावराची माया कशी आसती!" मला निम्मंअर्धं कळत होतं. मग म्हाताऱ्याचा हात खांद्यावर थांबला आणि तो म्हणाला, "अव्वा होदळु." होगु म्हणजे जा, हे मला नांगरानं शिकवलं होतं. अव्वा म्हणजे आई, हे सगळ्यांनाच ठाऊक. तिची आई गेली होती. तो ते सांगायला चार दिवस चालत आला होता, आणि आमच्या दारात सण बघून त्यानं तोंड मिटलं होतं. सणाच्या घरात मरणाची गोष्ट काढू नये, एवढी रीत त्या माणसाला होती. आमच्या रीतीबद्दल मी काय बोलू?

वहिनीच्या हातातली पाटी पडली नाही. ती बैलाच्या मानेला टेकली... बस, एवढंच. म्हातारा त्याच पावली निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिनं पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, बैलाला ओवाळलं, सगळ्यांना वाढलं. स्वतः उपाशी राहिली. आई म्हणाली, "नखरं बघा."

आठ दिवसांनी जतच्या बाजाराला गेलेल्या माणसाबरोबर रीतसर निरोप आला. आईला खरंच वाईट वाटलं. वहिनीला जवळ घेऊन म्हणाली, "रड गं बाई, मन मोकळं कर." वहिनी कोरडी. शेजारणी जमल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "आय मेली तरी टिपूस न्हाई. काळीज हाय का धोंडा?" हे सगळं मी सोप्यात बसून ऐकत होतो. मला ठाऊक होतं की ती आठ दिवस गोठ्यात रडून रिकामी झाली आहे. एक वाक्य बोलायचं होतं मला. "तिला आधीच कळलंय, आय." पण मग तुला कसं कळलं, हा प्रश्न आला असता, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मर्दाला कानडी येतं हे बाहेर पडलं असतं. मी चप्पल घालून बाहेर गेलो. गावानं तिला धोंडा म्हटलं, त्यातला एक दगड माझा.

पुढची साठ वर्षं ती बोलली ती कामापुरतं. बसप्पा मेला तसं तिचं कानडीही मेलं, असं आम्ही धरून चाललो. खोटं होतं ते. शेवटच्या आजारात आठ दिवस ती फक्त कानडीच बोलली, अखंड बोलली. पुतण्या म्हणाला, "काका, तिला भ्रम झालाय. डाक्टर म्हनलं, झोपंचं औषध देऊ." मी गेलो. खाटंशेजारी बसलो. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "ऊटा आतेनु?" भ्रम कुठला? मरणाच्या दारातली बाई मला जेवला का विचारत होती. आणि मी, ब्याऐंशी वर्षांचा माणूस, तोंड उघडून तसाच बसलो. प्रश्न मला ठाऊक होता, उत्तर नव्हतं. उत्तर मी कधी शिकलोच नव्हतो, कारण बैल कधी उत्तर देत नाही. मला येत होतं ते सगळं हुकमाचं, चाल, थांब, जा. मी नुसती मान हलवली. तिनं परत विचारलं. मग भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी गेली.

दहाव्याला एक पुढारी बोलायला उभे राहिले. म्हणाले, त्या माउलीनं आयुष्यात कधी उलट शब्द काढला नाही. मी तिथंच उठलो. "उलट न्हाई आन सुलट बी न्हाई! तुमी काढू दिला व्हय तिला?" पुतण्या धावत आला. "काका, बसा, चारचौघांत..." मी त्याला विचारलं, "माहेरी कळिवलंस का रं?" तो गोंधळला. म्हणाला, "तिकडं आता कोन हाय आपलं? आन नंबर बी न्हाई कुनाचा." बाई गेली की पहिलं कुणाला कळवतात? माहेरी. आणि फोननं नाही. माणूस जातो, दाराबाहेर उभं राहून तोंडानं सांगतो, सांगितल्याशिवाय त्या घरचं पाणी घेत नाही. हे शाळेत शिकवत नाहीत, त्यामुळं मला ते येतं आणि शिकलेल्यांना येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं जतला गेलो, तिथनं दुसऱ्या गाडीनं तिच्या गावाला. रस्ताभर एक वाक्य जुळवत होतो, तिच्या बापाच्या त्या 'होदळु'वरनं. वेशीत पाण्याचा टँकर उभा होता आणि घागरींची रांग. घर विचारत विचारत गेलो. तिचा धाकटा भाऊ ओसरीवर बसला होता, माझ्यासारखाच म्हातारा. त्याची सून तांब्या भरून घेऊन आली. टँकरचं पाणी, तरी काठोकाठ भरलेलं. मी हात पुढं केला नाही. उन्हात उभं राहून त्याला सगळं सांगितलं, कानडीत, जेवढं होतं तेवढ्यात. चुकलं असणारच. त्यानं मधी एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर तो उठला, माझा हात धरून मला सावलीत घेतलं, आणि मग मी तांब्या तोंडाला लावला.