गळ्यातली पाटी

आमच्या शाळेत एक पाटी होती. पुठ्ठ्याची, सुतळी ओवलेली, आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'मी मराठी बोललो.' जो कोणी मराठी बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती पडायची. त्यानं मराठी बोलणारा दुसरा कुणी पकडून दिला, की ती त्याच्या गळ्यात. शेवटच्या घंटेला ज्याच्या गळ्यात असेल, त्याची दुसऱ्या दिवशीची मधली सुट्टी बंद. कोल्हापुरात, पाचवीच्या पोरांना हा नियम! पोरं इंग्रजी किती शिकली ठाऊक नाही, चहाड्या करायला मात्र पक्की शिकली.

मी त्या वर्षी नवीनच लागले होते. वर्षभर काम बघून मग कायम करू, अशी बोली होती. मी कुरुंदवाडच्या मराठी शाळेत शिकलेली, पुढे इंग्रजीत एम.ए. केलेली, आणि घरात माझ्या पगाराची गरज होती.

एके दिवशी फळ्यावर गोंधळात टाकणारे शब्द होते. हिअर आणि लिसन, बॉरो आणि लेंड. व्याख्या पोरांना तोंडपाठ, पण वाक्य करा म्हटलं की सगळा आनंद. का होणार नाही? आपल्याकडे आणलेलंही उसनं आणि दिलेलंही उसनं. आपलं त्यावाचून कधी काही अडलेलं नाही. पोरं मठ्ठ नव्हती, मराठीत विचार करत होती, आणि त्यात लाज वाटावी असं काय आहे ते मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. मी खडू खाली ठेवला आणि सरळ मराठीत विचारलं, "शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, तर आपण काय केलं?"

तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. जूनपासून 'येस टीचर'च्या पुढे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती ताडकन उभी राहिली.

"आमी कुठं आणतोय, टीचर? तीच नेतीया की आमच्याकडनं! आन परत बी देत न्हाय!"

वर्ग खो खो हसला. मी म्हणाले, "मग तिचं बॉरो आणि तुमचं लेंड." सगळ्यांच्या माना डोलल्या. आठवडाभर जे डोक्यात शिरत नव्हतं ते शिरलं.

एवढ्यात सुपरवायझर बाई दारात, हातात पाटी. त्या सरळ आत आल्या आणि ती त्या मुलीच्या गळ्यात घातली. मुलगी बसली, मान खाली घातली, आणि पुन्हा तिचा आवाज बंद झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्याजवळ गेले, पाटी काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"आधी मी बोलले," मी म्हणाले.

मग ती पाटी घालूनच मी दिवसभर शिकवलं. स्टाफरूममध्ये चहा प्यायले, फाटकापर्यंत पोरं सोडायला गेले. दुसऱ्या दिवशीही सकाळी आठवणीनं घातली. सोबतच्या बायका हळूच सांगत होत्या, नोकरी घालवशील गं. मला ते कळत नव्हतं असं नाही.

दुपारी मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, केबिनमध्ये बोलावलं. शिस्त, शाळेचं नाव, पालकांचा विश्वास, सगळं इंग्रजीत झालं. पाटी काढा, नाहीतर कायम होण्याचं विसरा, तेही इंग्रजीतच. मीही इंग्रजीतच म्हणाले, नियम आहे मॅडम, अजून दुसरं कुणी सापडलं नाही.

त्यांनी टेबलावर हात आपटला. "काढा म्हणते न्हवं मी! उद्या पालक येत्यात, काय वाटंल त्यास्नी?"

मग मात्र मी पाटी काढली. सत्काराचा हार धरतात तशी, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. त्यानंतर ती कुणाच्या गळ्यात दिसली नाही. वर्षअखेरीस मीही त्या शाळेत राहिले नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? घरात चार दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पण तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा हेच करीन.

केबिनमधून वर्गात परतले तेव्हा सगळी पोरं माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघत होती. हात वर न करताच तिसऱ्या बाकावरची उभी राहिली.

"कुणाला पकडलासा, टीचर?"

"ते राहू दे. शेजारीण साखर नेते तेव्हा तुम्ही काय करता, ते सांग."

"लेंड," ती म्हणाली, आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, "पर आता परत मागणार हाय मी."